दर्याकडे पाठ करून बसलो तो दिवस

माझी पोस्टिंग माझ्याच गावाच्या किनाऱ्यावर झाली होती. लोक ऐकून हसतात. लढाईच्या दिवसांत फौजेत गेलेले कोन बर्मात गेले, कोन आफ्रिकेत गेले, आनि फिलू कुठे गेली, तर घरातनं आयने हाक मारली तर वाऱ्यावर ऐकू येईल इतक्या लांब. पन ऑर्डर ती ऑर्डर.

मी बायकांच्या पलटनीत होते. अशी पलटन होती हे पुष्कळांना ठाऊकच नाय. होती. खाकी साडी, खाकी झंपर, पायात काळे बूट. बुटांनी माझ्या टाचा सोलून काढल्या, कारन तोवर मी पायात काय घातलंच नव्हतं. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली मी. इंग्रजी आकडे वाचता यायचे, हिंदी तोडकंमोडकं यायचं, आनि पादरीबाबांनी चिठ्ठी दिली होती की पोरगी खरं बोलते. तेवढ्यावर घेतलं. पुन्याला ट्रेनिंग झालं. टेलिफोन कसा उचलायचा, मेसेज कसा द्यायचा, समोरचा काय म्हनाला ते परत त्यालाच कसं म्हनून दाखवायचं, आनि काय वाट्टेल ते झालं तरी आवाज चढवायचा नाय. ते शेवटचं मला कधी जमलं नाय. मी जातीची भित्री. घंटी वाजली की छातीत धस्स व्हायचं आनि मी एका दमात सगळं बोलून टाकायची. ट्रेनिंगच्या मॅडम म्हनायच्या, "फिलोमिना, श्वास घे."

मग मॅडमनीच एक दिवस बोलावून सांगितलं की वसईच्या वरच्या अंगाला एक वॉच पोस्ट हाय, तिथल्या कोळी लोकांची बोली तिथल्या जवानांना समजत नाय, कोनती बोट आपली आनि कोनती परकी ते कळत नाय, तू जा. मी "येस मॅडम" म्हनाले आनि बराकीत येऊन रडले. आनंदाने रडले का भीतीने, ते आजही सांगता यायचं नाय.

पोस्ट म्हनजे काय, तर वाळूच्या उंचवट्यावर ताडांच्या आडोशाला एक पत्र्याची खोली. पुढे वाळू भरलेली पोती. आत टेलिफोन, दुर्बीन, भिंतीला चित्रं. शत्रूची विमानं कशी दिसतात, पानबुडीचं नाक कसं दिसतं, दर्यात सोडलेला माईन, म्हनजे सुरुंग, कसा दिसतो, सगळ्यांची चित्रं. समोर दर्या. उजव्या हाताला पान्यात उभा अर्नाळ्याचा किल्ला. खाली आमच्या गावच्या बोटी, सुकायला टाकलेले बोंबील, आनि बोंबलांवर टपलेले कावळे. लढाई कुठे दिसत नव्हती. इतका शांत किनारा होता की कधीकधी वाटायचं, सरकारने आपल्याला विसरून तर नाय टाकलं.

पोस्टचे कमांडर एक पंजाबी हवालदार होते. मोठ्या दाढीचे, कमी बोलनारे. आमी त्यांना हवालदारसाब म्हनायचो. मी राहायची घरी, ड्यूटीला जायची पोस्टवर, तेवढी मुभा त्यांनीच दिली होती. आनि होते नाईक महिपती साळुंखे. सातारच्या बाजूचे, माळरानातले. त्यांनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. पहिल्या दिवशी आले, ओंजळीत पानी घेतलं, चाखलं आनि थुंकले.

"एवढं पानी, आनि पेयाला थेंब न्हाई," ते म्हनाले. "ह्येचा उपेग काय मग?"

माझी आय तिथे मासळी वाळवत होती. ती म्हनाली, "उपेग विचारतो रं? दुपारी ये घरी जेवायला, मंग सांगते."

गेले. सुकट बघून नाक मुरडलं, मग एक घास खाल्ला, मग भाकरी मागून घेतली. तेव्हापासून आय त्यांच्यासाठी रोज माझ्या डब्यात भाकरी जास्त घालायची. ते मला फिलूताई म्हनायचे, मी त्यांना नाईकदादा. पन दर्यात ते घोट्यापेक्षा पुढे कधी गेले नाय. अंघोळसुद्धा विहिरीवर, लोटा घेऊन. गावच्या बायका मुद्दाम हाका मारायच्या, "ओ नाईक, या पान्यात, आमी हात धरतो!" ते लाजून लाल व्हायचे. मला एकदा म्हनाले, "फिलूताई, बंदुकीला मी भेत न्हाई. पन ह्ये लई मोठं हाय गा. ह्येला दुसरा काठच दिसत न्हाई."

मला बरं वाटलं ऐकून. एवढा मिशीवाला शिपाई पन घाबरतो, मग मी घाबरले तर काय झालं.

आता तो दिवस सांगते.

पावसाळ्यात आमच्या बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात. पाऊस सरला की दर्या उघडतो. पादरीबाबा येऊन बोटींवर पवित्र पानी शिंपडतात, बोटींना लाल बावटे लावतात, हार घालतात, आनि तांडेल आपली मानसं घेऊन पहिल्यांदा बाहेर जातात. त्या दिवशी किनाऱ्यावर सगळ्या बायका असतात. नव्या साड्या, केसांत आबोली, टोपल्या घेऊन, पोरं काखेला घेऊन, पहिली मासळी उतरवायला. आनि आमच्या गावची एक रीत हाय. पहिल्या दिवशी दर्याने जे दिलं ते परत टाकायचं नाय. जाळ्यात मासळी आली तर मासळी, ओंडका आला तर ओंडका, फुटकं पिंप आलं तर पिंप. ते किनाऱ्याला आनायचं, मारियेच्या क्रुसापुढे ठेवायचं, मग पुढचं. परत टाकलं तर वर्षभर दर्या हात आखडतो असं जुने लोक मानतात.

माझे बा तांडेल. सकाळी निघाले तेव्हा मी पोस्टवर होते. खाकी साडीत हात कसा हलवायचा, म्हनून नुसती उभी राहिले. बांनी खालून सलाम ठोकला, मस्करीने. नाईकदादांनी खरा सलाम परत केला.

दुपारच्या आधी भरती लागली आनि पहिली बोट परत येताना दिसली. आमचीच. मी दुर्बीन लावली. बा सुकानूवर. मानसं वल्ही मारतात, गातात असं तोंडावरून दिसत होतं. बोट जड चालत होती. मागे लांब दोर होता, आनि दोराच्या टोकाला काळं काहीतरी पान्यात वरखाली होत होतं. मला वाटलं पिंप. मग लाट खाली गेली आनि ते फिरलं आनि मला त्याची शिंगं दिसली.

लोखंडाचा मोठा गोळा, त्याला चहूबाजूंनी शिंगं. तेच चित्र माझ्या पाठीमागे भिंतीवर होतं. कुठल्या जहाजांसाठी कोनी सोडलेला माईन, साखळी तुटून वाहत आलेला, आनि आमच्या डोलीच्या जाळ्याच्या दोरात अडकलेला. शिंगाला धक्का लागला की संपलं. आनि माझे बा त्याला ओढत ओढत घरी आनत होते, कारन दर्याने पहिल्या दिवशी दिला म्हनून.

मी नुसतं बोट दाखवलं. हवालदारसाबनी दुर्बीन घेतली. बघितलं. दुर्बीन नाईकदादांना दिली.

"माईन," हवालदारसाब म्हनाले. "कंट्रोल लगाओ."

मी टेलिफोनचं हँडल फिरवून मुंबईचं कंट्रोल लावलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"हॅलो कंट्रोल. पोस्ट बोलतेय. ड्रिफ्टिंग माईन. फिशिंग बोट टो करतेय. किनाऱ्यावर गर्दी."

"से अगेन, पोस्ट."

"ड्रिफ्टिंग माईन. बोट किनाऱ्याला येतेय. बायका-पोरं आहेत साहेब, सगळं गाव आहे, माझी आय आहे..."

"कीप ऑल पर्सन्स क्लियर. पार्टी कमिंग बाय लाँच."

"कधी? साहेब, कधी?"

"कीप क्लियर, पोस्ट. आउट."

मुंबईहून लाँच. तोवर बोट दहादा किनाऱ्याला लागली असती.

"साळुंखे! लाल झंडी!"

नाईकदादा उंचवट्यावर चढले आनि लाल बावटा जोरजोरात हलवू लागले. लढाई सुरू झाली तेव्हा सगळ्या बोटीवाल्यांना बोलावून सांगितलं होतं की पोस्टवर लाल बावटा दिसला तर जिथे असाल तिथे थांबायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पन त्या दिवशी प्रत्येक बोटीवर लालच बावटे फडकत होते. बांनी बघितलं, पोस्टवाल्यांनी पन सनाला बावटा काढला. त्यांनी वर हात केला. बोटीतल्या एकाने आपला बावटा उपटून आमच्याकडे हलवला. आनि त्यांनी वल्ही आनखी जोरात मारायला घेतली. खाली बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नाईकदादा हलवत होते, बोटीतले हसत होते. जितकं जास्त हलवत होते तितकी बोट जास्त जोरात येत होती.

"हवालदारसाब," मी म्हनाले, "ते थांबनार नाय. त्यांना वाटतंय आपन सन करतोय."

"गोली चलाऊँ हवा में?"

"आज फटाके पन असतात साब."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फिर? तुम्हारे लोग हैं. कैसे रुकेंगे?"

आनि मला कळलं कसे थांबतील. पन ते सांगायचं कोनाला, तर माझ्या आयला.

आमच्याकडे बोटी दर्यात असताना गावात कोनी मेलं तर हाका मारत नाय, हाक पोचत पन नाय. किनाऱ्यावर बायका डोक्यावर पदर घेतात आनि दर्याकडे पाठ करून वाळूत बसतात. बोटीवाल्यांना दुरून तोंडं दिसायच्या ऐवजी पाठी दिसल्या की ते समजतात, मयत झाली. मग बोट पुढे येत नाय. तिथेच नांगर टाकते, बावटे उतरवते, आनि गावातनं होडी निरोप घेऊन येईपर्यंत थांबते. निरोप आल्याबिगर किनाऱ्याला लागायचं नाय. ही रीत मोडलेली मी जन्मात बघितली नाय.

"दौडो," हवालदारसाब म्हनाले.

मी धावले. बूट वाळूत रुतत होते ते मी काढून फेकले. खाली पोचले तेव्हा श्वास नव्हता.

"आली बघा पलटनची मेमसाब," एक काकी म्हनाली. "अनवानी गो? सरकारने बूट काढून घेतले का?"

सगळ्या हसल्या. आय पन हसली.

"आय, बस. सगळ्या बसा. दर्याकडे पाठ करा."

आयचं हसू गेलं. "काय बोलतंस?"

"बस म्हनते. बोटीच्या मागे बाँब हाय. बांना ठाऊक नाय. किनाऱ्याला लागला की फुटेल. त्यांना थांबवायला दुसरं काय नाय."

"पयल्या दिवशी?" आय मागे सरकली. "जित्या नवऱ्याच्या बोटीला पाठ दाखवू? मयत नसताना? तुला कळतं का गो तू काय सांगतंस?"

"अपशकुन गो!" काकी ओरडली. "ह्या पोरीला पुन्याला काय शिकवलं? माझे दोघे हायेत बोटीत!"

एकीने पोराला उचललं आनि माझ्यापासून लांब गेली, जशी काय मलाच बाधा झाली होती. मी रडत होते. पुन्याला शिकवलं होतं आवाज चढवायचा नाय. मी आयचे दोन्ही खांदे धरले आनि ओरडले, "आय, आता खोटी बस. नायतर उद्या खरी बसशील!"

आयने माझ्या थोबाडीत मारली. मग तिने दर्याकडे बघितलं. बोट आता इतकी जवळ होती की गानं ऐकू येत होतं. तिने टोपली खाली ठेवली. केसांतली आबोली काढली. पदर डोक्यावर घेतला, वळली, आनि बसली.

एक बसली तशी दुसरी बसली. काकी शिव्या देत देत बसली. थोड्या वेळाने सगळा किनारा बसलेला होता, नव्या साड्या, पाठीशेजारी पाठ, एकही तोंड दर्याकडे नाय. पोरं गप झाली. मी एकटी दर्याकडे तोंड करून उभी.

गानं थांबलं.

"काय झालं?" आयने मान न वळवता विचारलं. "फिलू, सांग काय झालं?"

"वल्ही थांबली."

"मंग?"

"बा उभे राहिले."

"मंग गो?"

"नांगर टाकला आय. बावटे उतरवतात."

कोनी तरी हुंदका दिला. पन उठलं कोन नाय.

बोट थांबली, पन माईन थांबत नव्हता. भरती त्याला पुढे ढकलत होती. दोर सैल पडला आनि तो हळूहळू बोटीकडे सरकायला लागला. आनि दोर कापला असता तर तो सरळ आमच्याकडे आला असता. वर बघितलं तर नाईकदादा उंचवट्यावरून खाली येत होते, खांद्याला रायफल.

"होडी कोन चालवतंय?" त्यांनी विचारलं.

किनाऱ्यावर गडी मानूस म्हनजे एक पास्कू आजा. म्हातारा, पन दंडात जोर होता. तो उठला. दोघांनी होडी ढकलली. नाईकदादा गुडघ्यापर्यंत पान्यात गेले, मग मांडीपर्यंत. मी बघत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले आनि होडीत पाय टाकला. दोन्ही हातांनी कड अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी झाली होती. जाताना मला म्हनाले, "फिलूताई, ह्यास्नी उठू देऊ नका. मी हात वर केला की मग सगळ्यांला पळवा. ताडांच्या मागं. माघारी बघायचं न्हाई."

पुढचं मी दुर्बिनीतनं बघितलं नाय, बांनी नंतर सांगितलं ते सांगते. होडी बोटीला लागली. आमच्या लोकांना वाटलं निरोप आला. बांनी टोपी काढली आनि विचारलं, "कोन गेलं?"

"अजून कोन न्हाई," नाईकदादा म्हनाले. "तुमच्या मागं बघा."

मग त्यांनी दोराचं टोक मागून घेतलं आनि होडीला बांधलं. होडीचा दगडी नांगर पान्यात सोडायला लावला. पास्कू आजाला म्हनाले, "आजा, तुम्ही वर चढा बोटीत." बांना म्हनाले, "तांडेल, अर्नाळ्याकडं निघायचं. जोरात. बाकीच्या बोटींस्नी पन तिकडंच वळवा."

"तू वर ये रं," बा म्हनाले. "तुला पोहता येत नाय."

"म्हनून तर होडीत बसलोय, पान्यात न्हाई," नाईकदादा म्हनाले. "ह्येला इथंच धरून बसतो. लाँच येतीया."

"मी थांबतो, तू जा."

"तांडेल, ऑर्डर हाय. जावा."

बा म्हनतात त्यांच्या आवाजात काय जोर नव्हता, जशी गोठ्यात बैल बांधताना मानसं बोलतात तसे बोलले. बोट निघाली.

त्यांनी हात वर केला तो मी बघितला. मी सगळ्यांना उठवलं. टोपल्या तिथेच टाकल्या, पोरं उचलली, म्हाताऱ्यांना ओढलं, हवालदारसाब दोन पोरं काखेत घेऊन पळत होते. मी मागे बघितलं. बघू नका म्हनाले होते तरी बघितलं. होडीचा दगड वाळूत धरत नव्हता. घसरत होता. होडी आनि तो काळा गोळा, दोघे मिळून हळूहळू किनाऱ्याकडे येत होते, आनि लाँच कुठे दिसत नव्हती. नाईकदादा होडीत उभे नव्हते, बसलेले होते, रायफल मांडीवर. आमच्याकडे बघत होते. शेवटची म्हातारी ताडांच्या मागे जाईपर्यंत ते बघत बसले. मग त्या काळ्या गोळ्याकडे वळले आनि रायफल खांद्याला लावली.

पहिली गोळी ऐकली. दुसरी ऐकली. काय झालं नाय. मग आवाज नव्हता तो, जमीनच वर आली. पत्र्याची खोली वाकली. पानी ताडांच्या उंचीपर्यंत उभं राहिलं, आनि मग किती तरी वेळ आमच्या अंगावर खारट पाऊस पडला.

पानी बसलं तेव्हा होडी नव्हती. एक फळी लाटेवर आली. नाईकदादा आले नाय. त्या दिवशी नाय, नंतरही नाय. बांनी आनि सगळ्या बोटींनी तीन भरत्या शोधलं.

किनारा मेलेल्या मासळीने चांदीसारखा पसरला होता. पापलेट, घोळ, एवढी मासळी आमच्या किनाऱ्याला कधी लागली नसेल. ती कोनी उचलली नाय. एकाही बाईने टोपली भरली नाय. कावळ्यांनी नेली आनि भरतीने नेली.

मी टेलिफोन उचलला. तार शाबूत होती.

"हॅलो कंट्रोल. पोस्ट बोलतेय. माईन डिस्ट्रॉईड. गावाचं कोनी मेलं नाय. आमचे वन नाईक."

"से अगेन, पोस्ट."

"वन नाईक. महिपती साळुंखे." आनि मी श्वास घेतला. एकेक शब्द सुटा म्हनाले. आवाज चढवला नाय.

खाली आय परत वाळूत गेली होती. पदर डोक्यावर घेतला आनि दर्याकडे पाठ करून बसली. या वेळी तिला कोनी सांगितलं नव्हतं. बाकीच्या पन आल्या. दिवस मावळेपर्यंत गाव तसंच बसून होतं.

लढाई संपली. पोस्ट मोडली. पत्रे कोनी नेले, पोती फाटून वाळू वाळूत मिळाली. मी खाकी साडी घडी करून परत दिली, घरी आले, त्याच बोटीतल्या एका वल्हेकऱ्याशी माझं लगीन झालं. आता मांडीवर पोरगी हाय, दात येतात म्हनून रात्रंदिवस रडते, आनि मी अजून तशीच भित्री. तिला ताप आला तरी माझा जीव जातो. पन मी आहे. तिचा बाप आहे. तिची आजी तिला ओरडायला आहे.

यंदा पावसाळ्याआधी टांग्यातनं एक बाई आली. नऊवारी, हातात पिशवी, कपाळ मोकळं. सोबत दीर. हवालदारसाबनी तिच्या गावी पत्र लिहून आमचं गाव सांगितलं होतं. ती नाईकदादांची बायको, यमुनावैनी.

मी तिला किनाऱ्यावर नेलं. पोरगी कडेवर होती. दाखवन्यासारखं काय नव्हतं. ताड, वाळू, बोंबलांच्या ओळी, किल्ला. ती पान्यापासून लांबच उभी राहिली.

"किती मोठं हाय हे," ती म्हनाली. "ते भेत असतील."

"भ्यायचे," मी म्हनाले. "लई भ्यायचे. घोट्यापुढे जायचे नाय."

"मग गावाकडं लोक बोलत्यात ते खरंच म्हनायचं. म्हनत्यात, लढाईत न्हाई गेला, पवता येत नसताना मासेवाल्यांच्या पान्यात बुडाला. साहेबांचा कागद आला त्यावर एवढंच होतं, ड्यूटीवर मरन. माझ्या पोरीला शाळंत चिडवत्यात. म्हनून म्हटलं, एकदा सोता जाऊन इचारावं. ते का गेले पान्यात?"

 मी तिला घरी आनलं. बांनी सांगितलं. बोटीत काय झालं, किनाऱ्यावर काय झालं, शब्द न् शब्द, जसं आता मी सांगितलं तसं. "अजून कोन न्हाई" म्हनाले ते पन सांगितलं. सांगताना बा तिच्याकडे बघत नव्हते, हातातलं जाळं विनत होते. झाल्यावर म्हनाले, "बाय, हे घर, पलीकडचं घर, त्याच्या पलीकडचं, ही सगळी पोरं अंगनात बोंबलतात ती, हे सगळं तुझ्या मालकाचं हाय. तुझ्या गावाला सांग."

दिराने डोळे पुसले. 

संध्याकाळी चर्चची घंटा झाली. आमच्याकडे घरोघर रोझरी करतात, मारियेची माळ जपतात. चटई टाकली, मेनबत्ती लावली. वैनी म्हनाली मी बसू का. आय म्हनाली, बस गो माझ्याजवळ. रोझरी संपली की आय घरातल्या मेलेल्यांची नावं घेते, आनि प्रत्येकासाठी सगळे मिळून 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हनतो. आजा. आजी. माझा लहानपनी गेलेला भाऊ. आनि मग आय रोजच्यासारखी म्हनाली:

"आनि आमच्या नाईकासाठी. महिपती साळुंखे, सातारा."

सगळ्या घराने म्हटलं. अंगनापलीकडे काकीच्या घरात पन चाललं होतं, तिथूनही तेच नाव ऐकू आलं. आनि त्याच्या पलीकडच्या घरातनं.

वैनीने मान वर केली. "हे... हे आज मी आले म्हनून?"

"नाय गो," आय म्हनाली. "हे रोज."

"रोज?"

"तो गेला त्या दिसापासून."

 वैनी चटईवर आनखी पुढे सरकली, आमच्यात, आनि हात जोडले, तिच्या रीतीने.

"आजून एकदा म्हना," ती म्हनाली.

आयने परत म्हटलं. नाईक महिपती साळुंखे, सातारा.